फुफाट्यातला गॉगल
(सायकल आणि ट्रायथलॉनसाठी चष्मा निवडणाऱ्यांच्या पुस्तिकेची प्रस्तावना)

सायकलवाल्याच्या गॉगलचा इतिहास उन्हापासून सुरू होत नाही, धुळीपासून होतो. टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ मध्ये सुरू झाली तेव्हा तिकडचे बरेचसे रस्ते खडीचे आणि मातीचे होते. १९२० च्या दशकातली त्या शर्यतीची छायाचित्रं पाहिली तर छातीपाठीवर आडवा अडकवलेला जादा टायर दिसतो आणि टोपीवर चढवलेला किंवा गळ्यात लोंबणारा जाड काचेचा गॉगलही दिसतो. पुढे रस्ते डांबरी झाले, धूळ बसली आणि गॉगलही मागे पडला. मधली कित्येक दशकं बहुतेक नामवंत सायकलपटू उघड्या डोळ्यांनीच शर्यती मारत होते. १९८० च्या दशकात तो परत आला तोही मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसून. अमेरिकेतल्या जिम जॅनार्डने १९७५ मध्ये मोटरसायकलच्या हँडलच्या मुठी विकायला सुरुवात केली, मग चिखलातल्या शर्यतींसाठी गॉगल काढले आणि १९८४ च्या सुमारास सायकलवाल्यांसाठी अर्धा चेहरा झाकणारी एकसंध काच बाजारात आणली. सायकलपटू ग्रेग लेमाँडने ती टूरमध्ये घातली आणि जग तिच्याकडे बघायला लागलं. ओकली हे जॅनार्डच्या कंपनीचं नाव त्याच्या कुत्रीचं होतं, हे जाता जाता.

हा इतिहास सांगण्याचं कारण एवढंच की आपल्याकडे गॉगल म्हटलं की पहिल्यांदा ऊन आठवतं, नाहीतर सिनेमातला नट. दुकानदारही हाच प्रश्न विचारतो, "किती काळा पाहिजे?" या पुस्तिकेचं म्हणणं असं आहे की सायकलवाल्याच्या बाबतीत हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न, तुमच्या रस्त्यावर डोळ्यात काय जातं?

सोनारीत याचं उत्तर महिन्यागणिक बदलतं. परंडा तालुक्यातलं हे गाव काळभैरवनाथाचं म्हणून सगळ्या मराठवाड्याला आणि सोलापूर-नगरच्या बाजूला ठाऊक आहे. चैत्रातल्या यात्रेला चहूकडून गाड्या येतात, पायी चालणारे येतात आणि त्या दिवसांत मुख्य रस्त्याच्या कडेचा मुरूम दिवसभर हवेत असतो. वैशाखात दुपारनंतर वावटळी उठतात. नांगरून पडलेल्या काळ्या रानातून त्या रस्त्यावर आल्या की हँडल सोडून डोळे चोळायची पाळी येते. आषाढ-श्रावणात हा अवर्षणाचा पट्टा जमेल तेवढा ढगाळ राहतो, ऊन फारसं नसतं, पण संध्याकाळी दिवे लागताच चिलटांचे थवे तोंडावर येतात. आणि दिवाळी झाली की ऊस.

उसाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण डोळ्यांच्या बाबतीत आपल्या भागातला सगळ्यात मोठा धोका तोच आहे आणि परदेशी कंपनीच्या कुठल्याही माहितीपत्रकात तो सापडणार नाही. कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर, त्यामागे दोन ट्रॉल्या, वरपर्यंत रचलेल्या मोळ्या आणि दोन्ही बाजूंनी लोंबणारं पाचट. त्याच्यामागे सायकल असली की वाऱ्याबरोबर पाचटाचे तुकडे आणि धूळ थेट तोंडावर येते. ओलांडून जायला गेलं तर लोंबणारी पानं चेहऱ्याच्या उंचीवरच असतात. उसाच्या पानाला धार असते हे ऊस तोडणाऱ्याला सांगायला नको, त्याचे हात बघितले तरी पुरे. तेच पान बुबुळाला निसटतं लागलं तर ओरखडा उठतो आणि ओरखड्यापेक्षा वाईट म्हणजे त्याच्याबरोबर बुरशी आत जाते. भारतात शेतीच्या कामात डोळ्याला पान, काडी, कूस लागून होणारे बुरशीचे व्रण ही नेत्रतज्ज्ञांच्या रोजच्या अनुभवातली गोष्ट आहे. फ्युजेरियम आणि ॲस्परजिलस ही त्यातल्या नेहमीच्या बुरशींची नावं. हा व्रण सावकाश वाढतो. पहिले काही दिवस डोळा नुसता लाल असतो, खुपतो, पाणी येतं. माणूस मेडिकलमधून थेंबांची बाटली आणतो, त्यात स्टेरॉइड असलं तर लाली तात्पुरती उतरते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. बरा झाला तरी बुबुळावर पांढरा डाग राहतो. गावाकडे त्याला डोळ्यात फूल पडलं म्हणतात. ते फूल बरोबर मध्यावर पडलं तर त्या डोळ्याला दिसणं संपल्यात जमा.

दूध घालणं, मध घालणं, पदराच्या टोकानं किंवा जिभेनं कण काढणं हे उपाय अजून चालतात. करणाऱ्याच्या मायेबद्दल शंका नाही, पण बुबुळाच्या बाबतीत ते सगळे टाळावेत. स्वच्छ पाण्यानं डोळा धुवावा आणि पान किंवा काडी लागली असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं.

आता पाहा, या सगळ्यात काचेच्या काळेपणाचा संबंध कुठे आला? पाचट पहाटेही उडतं आणि कारखाना चालू असला की रात्रीही उडतं. चिलटं तर येतातच दिवेलागणीला. म्हणजे आपल्या रस्त्यावर गॉगलची खरी गरज बऱ्याचदा अंधुक उजेडात असते आणि नेमका त्याच वेळी काळ्या काचेचा गॉगल माणूस काढून खिशात ठेवतो. म्हणून माझं मत असं की इथल्या सायकलवाल्यानं पहिला चष्मा पांढऱ्या काचेचा घ्यावा, रंगीत नंतर. हे ऐकून बरीच मंडळी हिरमुसतात. पांढरा चष्मा घातलेला माणूस रुबाबदार दिसत नाही, वेल्डिंगच्या दुकानातला पोऱ्या दिसतो. दिसू द्या.

पांढऱ्या काचेतून ऊन लागत असेल, ही शंका हमखास येते. काचेचा रंग आणि अतिनील किरण अडवण्याची तिची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोळ्याला दिसणारा उजेड साधारण ४०० नॅनोमीटरच्या पुढे सुरू होतो, त्याच्या अलीकडचे किरण दिसत नाहीत पण काम करत राहतात. वर्षानुवर्षं उन्हात राबणाऱ्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळावर चढत जाणारा मांसाचा पडदा आणि लवकर पिकणारा मोतीबिंदू यांच्यामागे या किरणांचा हात असतो. पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक मुळातच यातले जवळजवळ सगळे किरण पिऊन टाकतं, मग ते पाण्यासारखं पारदर्शक का असेना. उलट नुसता रंग दिलेली, किरण न अडवणारी काळी काच फसवी असते. तिच्यामागे अंधार वाटला की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि न दिसणाऱ्या किरणांना दार जास्त उघडं मिळतं. यात्रेतल्या पालावर टांगलेला स्वस्त गॉगल किरण अडवत नाहीच असं मी म्हणणार नाही, पुष्कळ अडवतातही. काळेपणावरून ते कळत नाही, एवढंच. चष्म्याच्या बऱ्याच दुकानांत हे मोजण्याचं छोटं यंत्र असतं. तिथे काच धरून पाहायला सांगावं, लाजू नये.

पॉलिकार्बोनेटचा दुसरा गुण म्हणजे फुटून त्याचे तुकडे होत नाहीत. ट्रकच्या चाकाखालून उडालेली बारीक खडी काचेवर बसली तर खोच पडेल, पण धारदार कपच्या डोळ्यात जाणार नाहीत. नंबरच्या चष्म्याची साधी काच, मग ती खरी काच असो किंवा नेहमीचं प्लास्टिक, अशा माराला इतकी खात्रीची नसते. पॉलिकार्बोनेटचा दोष म्हणजे ओरखडे. धूळ बसलेला गॉगल उपरण्याच्या टोकानं खसाखसा पुसला की तो चार महिन्यांत आंधळा होतो. आधी पाणी ओतायचं, धूळ वाहून जाऊ द्यायची, मग मऊ कापड. बाटलीतलं पाणी पिण्यासाठी आहे म्हणून लोक कंजुषी करतात. एक घोट काचेसाठी राखून ठेवावा.

काळेपणाकडे आता येऊ, कारण वैशाखात त्याची गरज आहेच. जगभर गॉगलचे शून्य ते चार असे पाच वर्ग मानतात. शून्य वर्गातून ८० टक्क्यांहून जास्त उजेड आत येतो, पहिल्यातून ४३ ते ८०, दुसऱ्यातून १८ ते ४३, तिसऱ्यातून ८ ते १८ आणि चौथ्यातून फक्त ३ ते ८ टक्के. चौथा वर्ग हिमशिखरांसाठी आहे आणि तो घालून वाहन चालवायला मनाई असते. चांगल्या गॉगलच्या काडीवर आतून हा आकडा बारीक अक्षरात छापलेला असतो. मराठवाड्यातल्या दुपारी तिसरा वर्ग पुरतो, त्याहून काळं काही घेऊ नये. दुपारी मोकळ्या रस्त्यावरून वडाच्या गर्द सावलीत शिरताना पुढचा खड्डा दिसला पाहिजे. ताशी ३० किलोमीटरच्या वेगात सायकल एका सेकंदाला आठ मीटर जाते आणि आपल्याकडचे खड्डे त्याहून कमी अंतरावर असतात.

उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचांचं आकर्षण फार आहे. एकच चष्मा, सगळ्या वेळी चालतो, ही कल्पना आपल्या काटकसरी स्वभावाला पटतेही. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. या काचा अतिनील किरणांनी काळ्या होतात आणि उष्णतेनं त्यांचा काळेपणा कमी होतो. म्हणजे हिवाळ्यातल्या सकाळी त्या जितक्या गडद होतील तितक्या चाळीस अंशांच्या दुपारी होत नाहीत. शिवाय काळ्या व्हायला त्यांना थोडा वेळ पुरतो, पण पुन्हा पांढऱ्या व्हायला मिनिटं लागतात आणि एका मिनिटात आपण अर्धा किलोमीटर पुढे गेलेलो असतो. पहाटे निघून दहापर्यंत परतणाऱ्याला मात्र या काचा उत्तम, कारण उजेड हळूहळू वाढत जातो आणि काचेला वेळ मिळतो.

पोलराइज्ड काच मासेमारीला, नाव चालवायला चांगली. पाण्यावरची, ओल्या डांबरावरची आडवी चमक ती कापते. सायकलवाल्यांत मात्र तिच्याबद्दल दुमत आहे आणि मी विरोधी पक्षात आहे. रस्त्यावर सांडलेलं डिझेल, वितळलेल्या डांबराचा तुकतुकीत पट्टा, मोरीजवळचा ओला शेवाळी भाग हे सगळं आपल्याला चमकेवरूनच ओळखू येतं. ती चमक गेली तर सूचनाही गेली. हँडलवरच्या सायकल-संगणकाचा पडदाही काही कोनांतून काळा पडतो. रंगांचं थोडक्यात सांगायचं तर राखाडी काच रंग जसेच्या तसे ठेवते, तपकिरी आणि गुलाबी काच रस्त्याचा खडबडीतपणा उठावदार करते, पिवळी ढगाळ दिवशी बरी. रात्री पिवळी काच घातल्यानं जास्त दिसतं ही समजूत चुकीची आहे, ती उजेड थोडा का होईना कमीच करते.

रात्रीचा उल्लेख मुद्दाम केला. गेल्या काही वर्षांत ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत लांब पल्ला सायकलनं पुरा करण्याचा प्रकार, महाराष्ट्रात चांगलाच रुजला. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. तीनशेच्या पुढे गेलं की बहुतेकांना रस्त्यात रात्र गाठतेच. त्याहून मोठ्या पल्ल्याचं सांगायचं तर नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून रेस अक्रॉस अमेरिका पुरी केली आणि २०१७ मध्ये नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ या दोघांनी तीच शर्यत एकेकट्यानं पुरी केली. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, तीही बारा दिवसांच्या आत. सुरुवातीलाच वाळवंट लागतं, मग पर्वत, मग मैदानी वारा आणि रोजची रात्र. अशा प्रवासात एकाच काचेवर भागत नाही, काचा बदलत राहावं लागतं.

ट्रायथलॉनची गोष्ट निराळी. तिथे गॉगल चढवायचा तो ओल्या चेहऱ्यावर. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ ही शर्यत पहिल्यांदा झाली. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं. तेव्हापासून आपल्या भागातल्या तरुणांनाही हे अंतर आवाक्यातलं वाटू लागलं. सोनारी-परंड्याच्या पोरांनी पोहणं विहिरीत शिकलेलं असतं, पाठीला डबा बांधून. समुद्राचं त्यांना नवल वाटतं, भीती नाही. त्यांना अडचण येते ती पाण्यातून बाहेर आल्यावर. अंग तापलेलं, चेहऱ्यावरून खारं पाणी गळतंय, त्यावर हेल्मेट, त्यावर चष्मा, आणि काच आतून धुक्यानं भरून जाते. सायकल स्टँडवरून उचलण्याआधी हेल्मेटचा पट्टा लावलेला असलाच पाहिजे, नाहीतर दंड. त्यामुळे जुने खेळाडू उलट्या ठेवलेल्या हेल्मेटमध्ये चष्मा काड्या उघडून ठेवतात, आधी चष्मा, मग हेल्मेट. धुकं जावं म्हणून काचेच्या वरच्या आणि बाजूच्या कडेला हवा खेळायला फटी लागतात. त्या फटी फार मोठ्या असल्या तर पाचट आत येतं. इथे गोव्याचा चष्मा आणि सोनारीचा चष्मा यांचं जमत नाही आणि दोन्ही ठिकाणी सायकल चालवणाऱ्यानं सोनारीच्या बाजूनं निर्णय घ्यावा असं मला वाटतं. शर्यत वर्षातून एकदा, सराव रोज.

ट्रायथलॉनच्या सायकलवर माणूस कोपरं टेकून जवळजवळ आडवा होतो. मान खाली, नजर वर. अशा वेळी तो काचेच्या मधून पाहत नाही, वरच्या कडेजवळून पाहतो. फ्रेमची जाड वरची पट्टी नेमकी तिथे आली तर दर पाच मिनिटांनी मान ताणावी लागते. दुकानात ताठ उभं राहून आरशात पाहताना हे कधीच लक्षात येत नाही. पळताना आणखी वेगळी कसोटी: घामानं नाक ओलं झालं की चष्मा घसरतो. नाकाजवळचं आणि काडीच्या टोकाचं रबर ओलं झाल्यावर जास्त घट्ट बसणारं असावं.

घसरण्यावरून आठवलं, सोनारीत चष्म्याला आणखी एक परीक्षा द्यावी लागते. भैरवनाथाच्या देवळाच्या परिसरात माकडांचं राज्य आहे. याच जिल्ह्यातल्या उपळ्यात तर बत्तीस एकर जमीन माकडांच्या नावावर आहे, ही बातमी २०२२ मध्ये सगळीकडे छापून आली होती. आपल्याकडच्या माकडांना सातबारा नसला तरी वहिवाट पक्की आहे. दर्शनाला थांबलेल्या सायकलवाल्याच्या डोक्यावर चढवलेला चकचकीत गॉगल त्यांना फार आवडतो. चष्म्याला मागून दोरी असावी, आणि देवळाजवळ तो खिशात असावा. हा सल्ला कुठल्याच कंपनीच्या पत्रकात मिळणार नाही म्हणून इथे नोंदवून ठेवला.

किमतीचं बोलायचं तर नामांकित कंपन्यांचे चष्मे पंधरा-वीस हजारांच्या घरात जातात. त्यांच्या काचा खरोखर चांगल्या असतात: वक्र असूनही प्रतिमा वाकडी दिसत नाही, पाणी थेंब होऊन ओघळतं, वजन जाणवत नाही. ज्याला झेपतं त्यानं जरूर घ्यावा. पण डोळा वाचवण्याचं मूळ काम हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पॉलिकार्बोनेटचा सुरक्षा-चष्माही करतो. त्यावर 'झेड८७+' अशी खूण असली तर तो आघाताच्या चाचणीतून गेलेला आहे असं समजावं. चहा-भज्यांच्या खर्चात तो येतो. दूध घालायला जाणारा, पहाटे भरतीसाठी पळणारा, मानव विकास योजनेतल्या सायकलवरून शाळेत जाणारी आठवीतली मुलगी, यांना ऊस वाहतुकीच्या हंगामात मी हाच चष्मा सुचवीन. म्हणून पुस्तिकेचं पहिलं प्रकरण त्याच्यावर आहे आणि महागड्या काचा शेवटी आल्या आहेत. काही वाचकांना हा क्रम उलटा वाटेल.

ज्यांना नंबर आहे त्यांची कोंडी मात्र खरी आहे. फार वक्र फ्रेममध्ये नंबरची काच बसवली की कडेला सगळं तिरकं दिसतं, आणि नंबर जास्त असेल तर चक्कर येते. गॉगलच्या आत अडकवायची छोटी नंबरची काच मिळते, पण तिच्यावर धुकं लवकर साचतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना वाऱ्यानं डोळे कोरडे पडतात, त्यांना चेहऱ्याला लगटून बसणारा चष्मा हवा. चाळिशी लागलेल्यांना रस्ता दिसतो, हँडलवरचा आकडा दिसत नाही. यावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते लिहिताना चष्म्याच्या दुकानदारांशी झालेल्या गप्पांचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

दुकानात जाताना हेल्मेट बरोबर न्यावं. चष्मा घालून हेल्मेट चढवावं, काड्या पट्ट्याच्या बाहेरून राहतील असं पाहावं, म्हणजे पडताना चष्मा सुटून बाजूला जातो. हेल्मेटचा मागचा पट्टा काडीला ढकलतो का ते बघावं. मग स्टुलावर बसून हँडल धरल्यासारखं वाकावं आणि नजर वर करून दाराबाहेरचा रस्ता पाहावा. मान दोन-चार वेळा जोरात हलवावी. मोबाइलचा पडदा आडवा-उभा फिरवून काच पोलराइज्ड आहे का ते ताडावं. दुकानदार हसेल. पुढचं गिऱ्हाईकही हेच करायला लागलं की त्याचं हसणं थांबेल आणि कदाचित तोच एखादं स्टूल खिडकीजवळ ठेवून देईल.